बेट, भाषा आणि जबाबदारी : लुईस अर्ड्रिक यांच्या लेखनातील अनिशिनाबे मायभूमी

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, एखाद्या समाजाचे आपल्या भूमीशी असलेले नाते साहित्यात कसे दाखवले जाते, हा प्रश्न तुम्हांला प्रादेशिक कादंबरीच्या अभ्यासात भेटलेला असेल. या पाठात तोच प्रश्न आपण एका दूरच्या प्रदेशाच्या संदर्भात विचारणार आहोत. उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांच्या काठी आणि त्यांतील बेटांवर अनिशिनाबे लोक शतकानुशतके राहत आले आहेत. ओजिब्वे, ओडावा आणि पोटावाटोमी हे त्यांतील तीन प्रमुख समाज. त्यांची भूमी आज अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांत विभागलेली आहे. ‘अनिशिनाबे’ हे एकवचन आणि ‘अनिशिनाबेक’ किंवा ‘अनिशिनाबेग’ हे अनेकवचन, एवढे लक्षात ठेवा. मराठी पुस्तकांत अशा सर्व समाजांसाठी ‘रेड इंडियन’ हा शब्द सर्रास वापरला गेला आहे. तो टाळावा, कारण तो शेकडो वेगवेगळ्या भाषा आणि समाज एकाच चुकीच्या नावाखाली झाकून टाकतो.

लुईस अर्ड्रिक (जन्म १९५४) या नॉर्थ डकोटातील टर्टल माउंटन या ओजिब्वे समुदायाच्या सदस्य आहेत. ‘द नाइट वॉचमन’ या कादंबरीसाठी त्यांना २०२१ मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला. आपण मात्र त्यांची कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली ‘द बर्चबार्क हाउस’ (१९९९) ही कादंबरी, तिचा पुढचा भाग ‘द गेम ऑफ सायलेन्स’ (२००५) आणि ‘बुक्स अँड आयलंड्स इन ओजिब्वे कंट्री’ (२००३) हे प्रवासपर पुस्तक विचारात घेणार आहोत. या पाठाचे मुख्य प्रतिपादन असे आहे की, अर्ड्रिक भूमीशी असलेले नाते मालकीच्या किंवा निव्वळ जन्माच्या भाषेत मांडत नाहीत. काम, भाषा आणि परस्परांविषयीची जबाबदारी यांतून ते घडताना दाखवतात. या मांडणीचे बळ कशात आहे आणि ती कुठे अपुरी पडते, हेही आपण तपासू.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

‘द बर्चबार्क हाउस’चे कथानक १८४७ च्या सुमारास लेक सुपीरियरमधील मॅडलिन बेटावर घडते. आजच्या विस्कॉन्सिन राज्याच्या किनाऱ्याजवळील अपॉसल बेटसमूहातील हे सर्वांत मोठे बेट. लांबी सुमारे २२ किलोमीटर. त्याचे ओजिब्वे नाव मूनिंग्वानेकानिंग. पिवळ्या पंखांच्या एका सुतारपक्ष्यावरून हे नाव पडले आहे आणि अर्ड्रिक यांच्या कादंबरीत ते ‘सोनेरी छातीच्या सुतारपक्ष्याचे बेट’ असे येते.

ओजिब्वे परंपरा सांगते की, त्यांचे पूर्वज पूर्वेकडील सागरकिनाऱ्यावरून पश्चिमेकडे निघाले. जिथे पाण्यावर अन्न उगवते तिथपर्यंत जा, असा आदेश त्यांना मिळाला होता. वाटेत सात मुक्काम झाले आणि या बेटाला त्यांतील शेवटचा मुक्काम मानतात. पाण्यावरचे अन्न म्हणजे मनोमिन, उथळ पाण्यात उगवणारे एक रानधान्य. इंग्रजीत त्याला तांदळाचे नाव दिले असले तरी आपल्या भाताहून ती वेगळी वनस्पती आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या समाजाची मायभूमीची कथाच प्रवासाने सुरू होते, त्याच्यासाठी ‘आम्ही इथेच उगवलो’ हे विधान नात्याचा एकमेव आधार असू शकत नाही. चालत येणे, खूण ओळखणे आणि थांबणे हेही त्या नात्याचे भाग आहेत.

आता करारांचा इतिहास पाहू. १८३७ आणि १८४२ च्या तहांनी ओजिब्वेंनी फार मोठा प्रदेश अमेरिकी सरकारच्या हवाली केला. परंतु त्या प्रदेशात शिकार व मासेमारी करण्याचा आणि धान्य-वनोपज गोळा करण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला. १८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी हा हक्क रद्द करून लोकांना पश्चिमेकडे हलवण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी तहाच्या रकमेचे आणि मालाचे वार्षिक वाटप बेटावरील ला पॉइंटऐवजी दूर मिनेसोटातील सँडी लेक येथे ठेवण्यात आले. हजारो लोक तिथे पोहोचले. माल आणि पैसे वेळेवर आले नाहीत. उपासमार, रोगराई आणि हिवाळ्यातील परतीचा प्रवास यांत सुमारे ४०० माणसे दगावली. १८५२ मध्ये ला पॉइंटचे वृद्ध प्रमुख बफेलो, म्हणजेच केचेवाइश्के, वॉशिंग्टनला गेले. त्या वेळी त्यांचे वय नव्वदीच्या पुढे होते असे सांगतात. त्यांनी राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिल्मोर यांची भेट घेतली आणि स्थलांतराचा आदेश मागे घेतला गेला. १८५४ च्या ला पॉइंट तहाने याच परिसरात बॅड रिव्हर, रेड क्लिफ इत्यादी राखीव क्षेत्रे मान्य झाली. मॅडलिन बेटाच्या उत्तर टोकाची सुमारे २०० एकर जमीनही बॅड रिव्हर समुदायाला मासेमारीसाठी राखून ठेवण्यात आली.

हा इतिहास कादंबरीत तपशीलवार येत नाही. १८४७ हे वर्ष निवडून लेखिकेने आपल्याला आदेशाच्या अगदी आधीच्या काळात नेऊन ठेवले आहे. पात्रांना पुढचे ठाऊक नाही, पण जाणत्या वाचकाला ते ठाऊक असते. कादंबरीतल्या साध्यासुध्या दिवसांवर त्यामुळे एक सावली पडते.

३. ऋतूंची रचना आणि कामातून दिसणारी भूमी

‘द बर्चबार्क हाउस’ची नायिका ओमकायस ही सात वर्षांची मुलगी आहे. आई, वडील, आजी नोकोमिस, मोठी बहीण अँजलीन, खोडकर भाऊ पिंच आणि तान्हा निवो असे तिचे कुटुंब. कादंबरीचे भाग चार आहेत : नीबिन, दग्वागिंग, बिबून आणि झीग्वन, म्हणजे उन्हाळा, पानगळ, हिवाळा आणि वसंत. उन्हाळ्यात भूर्जाच्या सालीचे घर बांधायचे, मक्याची राखण करायची. पानगळीत मनोमिन गोळा करून वस्तीजवळच्या लाकडी घरात जायचे. हिवाळ्यात कथा ऐकायच्या आणि भूक सोसायची. वसंतात मेपलचा रस आटवून साखर करायची, असा हा क्रम आहे.

या कादंबरीत निसर्गवर्णनासाठी वेगळे परिच्छेद फारसे नाहीत. तळे आणि झाडे सतत आहेत, पण ती कुणाच्या तरी हाताखाली, पायाखाली किंवा पोटासाठी आहेत. सुरुवातीच्या प्रकरणात नोकोमिस साल काढण्याआधी झाडाशी बोलते आणि त्याच्यापुढे तंबाखू ठेवते. भूर्ज हा शब्द आपल्याला परका नाही. हिमालयातील त्याच कुळातल्या झाडाच्या सालीवर, भूर्जपत्रावर, आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या. ओजिब्वे लोकांनीही भूर्जसालीच्या गुंडाळ्यांवर आकृत्या कोरून आपले ज्ञान जपले आणि त्याच सालीची घरे व नावा केल्या. सालीचे घर दर उन्हाळ्यात नव्याने उभे करावे लागते. म्हणून झाडाची परवानगीही दर वेळी नव्याने मागावी लागते. भूमीशी असलेले नाते एकदाच मिळून कायमचे राहत नाही, ते वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते, ही गोष्ट लेखिकेने या एका कामातून सुचवली आहे.

मनोमिन गोळा करण्याची पद्धतही अशीच आहे. एकजण लांब काठीने नाव पुढे ढकलतो, दुसरा दोन हलक्या दांडक्यांनी ताटे वाकवून पिकलेले दाणे नावेत पाडतो. काही दाणे पाण्यात पडतात आणि तेच पुढल्या वर्षीचे बी ठरतात. घेणे आणि परत देणे एकाच कृतीत होते. कायद्याच्या भाषेत ज्याला ‘गोळा करण्याचा हक्क’ म्हटले गेले, त्यामागे असे वागणे आहे, हे तहाचा मजकूर सांगू शकत नाही. कादंबरी ते सांगू शकते.

येथे एक तुलना उपयुक्त ठरेल. लॉरा इंगल्स वाइल्डर यांची ‘लिटल हाउस’ पुस्तकमाला अमेरिकेत पिढ्यानपिढ्या वाचली गेली. तिच्यातही एक मुलगी, तिचे कुटुंब, घर बांधणे आणि ऋतूंप्रमाणे चालणारी कामे आहेत. पण १९३५ च्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’च्या मूळ आवृत्तीत, त्या प्रदेशात माणसे नाहीत, फक्त इंडियन राहतात, अशा अर्थाचे वाक्य होते. १९५३ मध्ये ‘माणसे’ या शब्दाच्या जागी ‘वसाहतकार’ हा शब्द घालण्यात आला. अर्ड्रिक यांची कादंबरी या परंपरेला दिलेले उत्तर म्हणून वाचली जाते. मात्र तिच्यात वादाचा सूर नाही. ‘तिथे माणसे होती’ असे न म्हणता ती माणसे सकाळी उठून काय करत होती, कोणते काम टाळत होती, भावावर का चिडत होती, हे ती दाखवते. ओमकायसला मूस हरणाचे कातडे कमावण्याचे काम अजिबात आवडत नाही, हा तपशील म्हणूनच महत्त्वाचा. गौरवाच्या आवेशात लिहिणाऱ्या लेखकाने तो बहुधा वगळला असता.

४. वारसा की जबाबदारी?

कादंबरीची सुरुवात मॅडलिन बेटावर होत नाही. ती होते ‘स्पिरिट आयलंड’ नावाच्या दुसऱ्या एका बेटावर. देवीच्या साथीत तिथली सगळी माणसे मेली आहेत आणि एकटी एक तान्ही मुलगी जिवंत आहे. नावेतून आलेली माणसे भीतीने तिला तिथेच सोडून निघून जातात. त्यांतील एकाची बायको, ओल्ड टॅलो, हे कळल्यावर तिला आणायला जाते. ही मुलगी म्हणजे ओमकायस, हे तिला स्वतःलाच कादंबरीच्या शेवटापर्यंत ठाऊक नसते.

मित्रहो, या रचनेचा विचार करा. जिच्या नजरेतून आपण बेटाचे सारे जीवन पाहतो, ती त्या बेटावर जन्मलेली नाही. ज्यांना ती आई-वडील समजते त्यांच्या पोटी ती आलेली नाही. मायभूमीवरची कादंबरी लिहिताना लेखिकेने बाहेरून आलेले मूल केंद्रस्थानी का ठेवले असेल? याचे उत्तर हिवाळ्याच्या भागात मिळते. एक पाहुणा वस्तीवर येतो आणि त्याच्याबरोबर देवी येते. घरातील एकेक जण आजारी पडतो. निवो मरतो. अँजलीनच्या चेहऱ्यावर व्रण राहतात. ओमकायसला मात्र काही होत नाही, कारण ती तान्हेपणीच त्या रोगातून वाचलेली आहे. नोकोमिसच्या बरोबरीने ती सगळ्यांची शुश्रूषा करते. शेवटी ओल्ड टॅलो तिला तिची हकिगत सांगते आणि तिचे वाचणे आणि या घरात येणे इतरांना वाचवण्यासाठीच होते, असा त्याचा अर्थ लावून देते.

म्हणजे ओमकायस या बेटाची होते ती दोन कृतींमुळे. कुणीतरी तिला उचलून आणले आणि तिने पुढे इतरांना सांभाळले. रक्ताचा वारसा हा येथे आपलेपणाचा पुरावा ठरत नाही. ‘भूमिपुत्र’ या कल्पनेवर आधारलेल्या कोणत्याही लेखनापासून ही कादंबरी येथे वेगळी होते. ज्या समाजाला ‘तुमचा या जमिनीवर हक्क काय?’ असा प्रश्न सरकार विचारत होते, त्या समाजाची लेखिका उत्तरादाखल वंशावळ पुढे करत नाही. एकमेकांना आणि जागेला जिवंत ठेवण्याचा व्यवहार पुढे करते. हे धाडसाचे आहे, कारण न्यायालयात आणि कचेरीत वंशावळच अधिक उपयोगी पडते.

ऋतुचक्राच्या रचनेवर एक आक्षेप घेता येईल. चार ऋतूंच्या चौकटीत समाज बसवला की तो काळाच्या बाहेरचा, न बदलणारा वाटू लागतो. संग्रहालयातील देखाव्यात असते तसे. पण या कादंबरीत चक्र अखंड फिरत नाही. निवोच्या मृत्यूनंतर ओमकायस खोल दुःखात बुडते. वसंत आला म्हणून सर्व पूर्ववत होत नाही. शिवाय व्यापारी, मिशनची शाळा आणि पश्चिमेकडे हलवले जाण्याच्या वार्ता या जगात आधीपासूनच आहेत. फिशटेल हे पात्र तर तहाचे कागद आपल्याला वाचता यावेत म्हणून गोऱ्यांची अक्षरे शिकायला जाते. हा समाज काळाच्या आत आहे आणि येऊ घातलेल्या बदलांना तोंड कसे द्यायचे, याचा विचार करतो आहे.

५. दगडही ज्यात सजीव आहे अशी भाषा

‘बुक्स अँड आयलंड्स इन ओजिब्वे कंट्री’ या पुस्तकात अर्ड्रिक आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन लेक ऑफ द वुड्स आणि रेनी लेक या सरोवरांतील बेटांचा प्रवास करतात. लेक ऑफ द वुड्सच्या खडकांवर जुनी चित्रे आहेत. ती पाहताना त्यांना एक भाषिक दुवा सापडतो. ओजिब्वेतील ‘पुस्तक’ आणि ‘खडकावरील चित्र’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘मझिना’ हा एकच घटक आहे. म्हणजे बेटे वाचली जात होती, आणि छापील पुस्तके येण्याच्या फार पूर्वीपासून. रेनी लेकमधील एका बेटावर अर्नेस्ट ओबरहोल्ट्झर या गृहस्थाने जमवलेल्या हजारो पुस्तकांचा संग्रह आहे. प्रवासात त्या तिथेही थांबतात. बेटावरची पुस्तके आणि पुस्तक म्हणून वाचली जाणारी बेटे अशी दुहेरी कल्पना या लेखनाच्या मुळाशी आहे.

याच पुस्तकात त्या ओजिब्वे व्याकरणाविषयी लिहितात. या भाषेत नामांचे सजीव आणि निर्जीव असे दोन वर्ग आहेत आणि त्यानुसार क्रियापदाचे रूप बदलते. दगडाचा शब्द, ‘असिन’, सजीव वर्गात येतो. ‘मितिग’ हा शब्द झाड या अर्थी सजीव, तर काठी किंवा लाकडाचा तुकडा या अर्थी निर्जीव असतो. मराठीत आपण दगडाला ‘तो’, विटेला ‘ती’ आणि झाडाला ‘ते’ म्हणतो. वस्तूंना लिंग देणे आपल्या सवयीचे आहे. म्हणून हे समजणे आपल्याला इंग्रजी वाचकापेक्षा थोडे सोपे जाईल. मात्र मराठीतल्या लिंगावरून आपण दगडाशी कसे वागावे, हे ठरत नाही. त्याचप्रमाणे व्याकरणावरून एखाद्या समाजाचे संपूर्ण तत्त्वज्ञान काढण्याची घाई करू नये. अर्ड्रिकही इथे सावध आहेत. त्या स्वतः ओजिब्वे प्रौढ वयात शिकल्या आणि शिकणाऱ्याच्या नम्रतेने लिहितात. पण नोकोमिस झाडाशी बोलते तो प्रसंग हे वाचल्यानंतर पुन्हा वाचा. तिचे बोलणे आता निव्वळ काव्यात्म कल्पना वाटणार नाही, कारण तिच्या भाषेत झाड हे बोलण्यासारखेच असते.

६. मौनाचा खेळ आणि एक उणीव

‘द गेम ऑफ सायलेन्स’ची सुरुवात भुकेल्या, फाटक्या कपड्यांतील निर्वासितांच्या नावा बेटाला लागण्याने होते. पुढे बेट सोडण्याचा हुकूम येतो. कुणी आपल्यापैकीच तह मोडला का, हे शोधायला माणसे चारही दिशांना पाठवली जातात. वडीलधारी माणसे गंभीर बोलत असताना मुलांनी गप्प बसायचे, जो सर्वाधिक वेळ गप्प राहील त्याला बक्षीस, हा कादंबरीच्या नावातील खेळ. मुले मौन राखतात आणि त्यामुळेच सारे ऐकतात. पुढच्या पिढीपर्यंत इतिहास कसा पोहोचला असेल, याची ही समर्पक प्रतिमा आहे. अखेरीस ओमकायसचे कुटुंब बेट सोडून निघते. पुढील ‘द पॉर्क्युपाइन इयर’ (२००८) आणि त्यानंतरच्या भागांत कथा पश्चिमेकडे सरकते.

येथे टीकाकार म्हणून आपल्याला एक प्रश्न विचारला पाहिजे. ही मालिका वाचून संपवणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात काय उरते? ‘ते लोक तिथे राहत होते आणि मग निघून गेले’ असे उरण्याचा धोका आहे. अमेरिकेतील मूळ निवासी नाहीसे झाले, ही तर वसाहतकारांचीच आवडती कथा होती. लेखिकेचा हेतू अर्थातच तो नाही. तिच्या पूर्वजांपैकी काही याच बेटावर राहत होते आणि तिचा आजचा समुदाय पश्चिमेकडे आहे. त्या वाटेने कथा जाणे स्वाभाविक आहे. तरीही १८५२ चा केचेवाइश्के यांचा प्रवास आणि १८५४ चा तह यांची जोड न देता ही पुस्तके शिकवली, तर विद्यार्थ्याला अर्धाच इतिहास मिळतो. स्थलांतराचा आदेश मोठ्या प्रमाणात फसला. रेड क्लिफ आणि बॅड रिव्हर येथील ओजिब्वे आजही मॅडलिन बेटासमोरच्या किनाऱ्यावर राहतात. बॅड रिव्हरच्या मुखाशी असलेल्या काकागन पाणथळ प्रदेशात मनोमिन अजूनही उगवते, गोळा केले जाते; २०१२ मध्ये या पाणथळीला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला.

‘द बर्चबार्क हाउस’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १९९९ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिल लॅक्स समुदायाच्या खटल्यात १८५० चा आदेश बेकायदेशीर ठरवला आणि १८३७ च्या तहातील शिकारीचे, मासेमारीचे व वनोपजाचे हक्क अजून जिवंत आहेत असा पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला. कादंबरी आणि निकाल यांचा परस्परांशी संबंध नाही. पण दोन्ही एकत्र ठेवून पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. मालकी गेली तरी नाते उरते, हे कादंबरी कल्पनेच्या पातळीवर दाखवते. ते उरावे म्हणून ज्यांनी दीडशे वर्षे तहाचे कागद जपले, त्यांची कथा कादंबरीबाहेर आहे. कागद वाचायला शिकणारा फिशटेल हा या दोहोंमधला दुवा आहे. त्याला मालिकेत अधिक जागा मिळायला हवी होती, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

७. समारोप

अर्ड्रिक यांच्या लेखनात मायभूमी म्हणजे आठवणीत जपलेले चित्र नाही. दर उन्हाळ्यात पुन्हा बांधावे लागणारे घर, पाण्यात पडू दिलेले दाणे, परक्या बेटावरून उचलून आणलेले मूल आणि सजीव मानलेला दगड, यांतून ती घडते. या मांडणीमुळे आपलेपणाचा विचार रक्त आणि मालकी यांच्या पलीकडे जातो. तिची मर्यादा एवढीच की, निघून गेलेल्यांची कथा सांगताना थांबून लढलेल्यांकडे तिचे लक्ष कमी जाते. ती उणीव इतिहासाच्या वाचनाने भरून काढणे हे आपले, म्हणजे वाचकांचे काम आहे.

स्वाध्याय

१. ‘द बर्चबार्क हाउस’मधील कोणतेही एक काम निवडून त्यातून भूमीशी असलेले नाते कसे व्यक्त होते, ते स्पष्ट करा.
२. ओमकायसचा जन्म दुसऱ्या बेटावरचा आहे, या गोष्टीचा कादंबरीच्या आशयाशी असलेला संबंध सांगा.
३. ऋतुचक्राच्या रचनेमुळे समाज ‘न बदलणारा’ वाटतो, या आक्षेपाशी तुम्ही सहमत आहात का? सकारण लिहा.
४. तुमच्या भाषेतील एखाद्या साहित्यकृतीत भूमीवरील हक्क मालकीच्या भाषेत येतो की जबाबदारीच्या, याची चर्चा करा.